मांजर पाणी पीत नाही म्हणता, तर आधी ते कुठे आणि कसं पितं ते बघा

"आमचं मांजर पाणीच पीत नाही हो" ही तक्रार मार्च-एप्रिल लागला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे दर दुसऱ्या घरात ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती खरी नसते. मांजर पाणी पितं. फक्त तुम्ही कोपऱ्यात हौसेने ठेवलेल्या वाटीतलं पीत नाही, न्हाणीतल्या बालदीतलं पितं, तुळशीच्या बुडाशी साचलेलं पितं, नाहीतर शेजारच्यांच्या बांवीकडच्या, म्हणजे विहिरीकडच्या, दोणीत तोंड घालून येतं. म्हणून वाट्या आणि मोटरवर पाणी वाहतं ठेवणारा फाउंटन विकत घ्यायच्या आधी पहिलं काम एकच, आपल्या मांजराची पाणी प्यायची पद्धत नीट ओळखायची. प्रत्येकाची वेगळी असते, एकाच वेताच्या दोन पिल्लांचीही वेगळी असते.

मांजर नेमकं पितं कसं

जवळ बसून बघितलं तर एवढंच दिसतं की जीभ भरभर आतबाहेर होतेय. आपल्याला वाटतं जिभेचा चमचा करून पाणी उचलतंय. तसं ते करत नाही. २०१० साली 'सायन्स' या जर्नलमध्ये यावर एक पेपर आला होता, तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात असलेले संशोधक रोमन स्टॉकर यांनी घरच्या कट्टा कट्टा नावाच्या मांजराला नाश्ता करताना बघून डोक्यात किडा घेतला आणि मग सहकाऱ्यांबरोबर हायस्पीड कॅमेऱ्याने त्याचं पाणी पिणं टिपलं. त्यात दिसलं ते असं, की मांजर जिभेचं टोक खालच्या बाजूला मागे वळवतं आणि ते टोक पाण्याला नुसतं टेकवतं, आत बुडवत नाही. मग जीभ झटकन वर ओढतं, तिच्यामागे पाण्याचा एक बारीक खांब उठतो, आणि तो गुरुत्वाकर्षणाने खाली पडायच्या आत तोंड मिटून त्याचा वरचा भाग पकडतं. हे सगळं सेकंदाला साडेतीन-चार वेळा. वाघ-सिंह पण असेच पितात, फक्त त्यांची जीभ मोठी म्हणून वेग कमी. कुत्रा मात्र जीभ पाण्यात चांगली आत घालतो, म्हणून त्याच्या वाटीभोवती तळं होतं आणि मांजराची हनुवटी कोरडीच राहते.

हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाहीये, याचा उपयोग आहे. एका वेळेला मांजराच्या तोंडात जातं साधारण एक दशांश मिली किंवा थोडं जास्त, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मिली धरा. वीस सेकंद सलग प्यायलं तर १० मिलीच्या आसपास. म्हणजे तुमचं मांजर वाटीपाशी येऊन चार-पाच सेकंद लपलप करून निघून गेलं तर ते पाणी 'प्यायलं' असं समजू नका, ते दोन अडीच मिली झालं, चहाचा अर्धा चमचा. मोबाईलच्या घड्याळावर मोजा, आपोआप अंदाज यायला लागतो. दुसरं म्हणजे जीभ पृष्ठभागालाच टेकवायची असल्याने पाण्याची पातळी त्याच्यासाठी फार महत्त्वाची. खोल वाटीच्या तळाशी पाणी असलं की डोकं आत घालावं लागतं, मिश्या कडेला घासतात आणि आजूबाजूचं काही दिसत नाही. बऱ्याच मांजरांना ते नकोच वाटतं. वाटी काठोकाठ भरली की तेच मांजर निवांत बसून पितं.

किती प्यायला पाहिजे

मांजराचे मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातली रानमांजरं, त्यामुळे पाण्याची बरीचशी गरज शिकारीच्या मांसातून भागवायची आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं ही त्यांची जुनी सवय. तहान लागली की लगेच धावत जाऊन पाणी पिणाऱ्यातलं ते जनावर नव्हे. ढोबळ हिशोब असा की एक किलो वजनाला दिवसाला ५० मिलीच्या आसपास पाणी लागतं, पण हे खाण्यातलं धरून. चार किलोच्या मांजराला साधारण २०० मिली.

आता बघा, ओल्या कॅट फूडचं ८५ ग्रॅमचं एक पाउच असतं त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे जवळजवळ ६८ मिली. दिवसाला अशी तीन पाउच खाणारं मांजर वाटीकडे ढुंकून बघत नसेल तर काळजीचं कारण नाही, त्याचं काम जेवणातच झालं. कॅट फूडच्या कोरड्या दाण्यांत मात्र पाणी दहा टक्क्यांच्याही आत. पन्नास-साठ ग्रॅम दाणे खाल्ले तर पाच-सहा मिली मिळालं, बाकी सगळं वाटीतूनच यायला पाहिजे. म्हणजे "पीत नाही" म्हणायच्या आधी ते खातं काय ते सांगा. दाण्यांवरचं मांजर पीत नसेल तर तो प्रश्न खरा.

मोजायचं कसं, तर सोपं आहे. सकाळी मेजरिंग कपने ३०० मिली पाणी वाटीत घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. कप नसेल तर किचनमधला वजनकाटा चालतो, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. शेजारी तसलीच दुसरी वाटी तेवढंच पाणी घालून मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा, जाळीच्या कपाटात वगैरे, म्हणजे हवेत किती उडून जातं ते कळेल आणि तेवढं वजा करता येईल. पावसात आमच्याकडे हवाच एवढी ओली की फारसं उडत नाही पण मे महिन्यात पंख्याखाली फरक पडतो. तीन-चार दिवस सलग मोजा, एका दिवसावरून काही ठरवू नका. आणि तेवढे दिवस बालदी, फुलदाणी, कुंड्यांच्या ताटल्या, सगळं झाकून ठेवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतो.

तुमचं मांजर यातलं कुठलं

आमच्याकडे जी मांजरं वावरतात त्यात जवळजवळ सगळे नमुने आहेत, त्यामुळे सवयीप्रमाणे सांगतो.

पंजा बुडवणारं. मनी आमची यातली. वाटीपाशी येते, आधी उजवा पंजा हळूच पाण्यावर ठेवते, हलवते, पाण्यावर तरंग उठले की पंजा वर घेऊन चाटते, असं दोन-तीनदा झालं की मग कुठे तोंड लावते. यात खोडी नाही. मांजराला अगदी नाकाजवळचं, वीतभराच्या आतलं, स्पष्ट दिसत नाही, त्यात वाटीतलं स्थिर पाणी म्हणजे काचेसारखं, पृष्ठभाग कुठे सुरू होतो तेच कळत नाही. तरंग उठला की कळतं. अशा मांजराला पसरट, जड भांडं द्या जे पंज्याने सरकणार नाही, आणि पाणी रोज एकाच खुणेपर्यंत भरा म्हणजे त्याला अंदाज बसतो. चकचकीत स्टीलपेक्षा तळाला रंग किंवा नक्षी असलेली सिरॅमिकची बशी बरी पडते. खाली पायपुसणं घाला, पाणी सांडणारच, त्यावरून ओरडू नका, एकदा त्या जागेची धास्ती बसली की मांजर तिथे परत येत नाही.

नळावरचं. बेसिनमध्ये उडी मारून बसायचं आणि तोटीकडे बघत राहायचं. वाहतं पाणी दिसतं, ऐकू येतं, थोडं गारही असतं, आणि बेसिन उंचावर असल्याने चारही बाजूंना लक्ष ठेवता येतं. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. घरात कुत्रा असेल किंवा लहान मुलं असतील तर मांजराला नळ हवा असतो असं नाही, उंची हवी असते. म्हणून नळ चालू ठेवायच्या आधी बेसिनच्या शेजारी कट्ट्यावर एक भरलेली वाटी ठेवून बघा. मे महिन्यात नळाला पाणी दिवसाआड यायची वेळ येते तेव्हा तोटी सोडून ठेवणं परवडतही नाही.

फाउंटन घ्यायचा का? काही मांजरांना तो प्रचंड आवडतो, काही त्याच्या मोटरच्या आवाजाने त्या खोलीतच येत नाहीत, आणि यावर जे अभ्यास झाले त्यातही हेच दिसतं की सरसकट सगळी मांजरं फाउंटनवर जास्त पितात असं नाही, ज्याची त्याची आवड. घेतलात तर साधी वाटी काढून टाकू नका. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज तासन्तास जाते, मोटर बंद पडली आणि दुसरी वाटी नसली तर मांजर उपाशी नाही पण तहानलेलं राहील. पंपात केस अडकतात, तो आठवड्यातून एकदा तरी पूर्ण सुटा करून धुवावा लागतो, तेवढी सवड नसेल तर घेऊच नका.

बालदीतलं पिणारं. काठोकाठ भरलेली, रुंद तोंडाची, ताजी, खाण्यापासून लांब, न्हाणीच्या गार फरशीवर. मांजराला जे जे हवं ते सगळं बालदीत असतं, त्यात त्याची काय चूक! पण न्हाणीत फिनाईल असतं, साबण असतो, आणि फिनाईलसारखी फिनॉलवाली औषधं मांजराला विषारी आहेत, फरशी पुसल्यावर नुसतं पंजे चाटूनही त्रास होतो. लहान पिल्लू बालदीत पडून बुडण्याचीही भीती. बालदीवर झाकण ठेवा आणि न्हाणीच्या दाराबाहेर एक रुंद टोप तसाच काठोकाठ भरून ठेवा. एखाददुसरा दिवस नाक मुरडेल, मग बरीचशी मांजरं टोपाला लागतात.

तुमच्याच ग्लासातलं पिणारं. तुम्ही ग्लास टेबलावर ठेवला रे ठेवला की हजर. ताजं पाणी, उंचावर, वरपर्यंत भरलेलं. त्याला त्याचाच एक बुटका जड ग्लास द्या, तुमच्या समोर भरा आणि तुमच्याच टेबलावर ठेवा. काही मांजरांना माणूस जवळ असला की प्यायला धीर येतो, शेरू नावाचा आमचा बोका तर कोणी स्वयंपाकघरात उभं असेल तरच पितो, मग आम्ही सकाळचा चहा करताना त्याची वाटी विसळून भरतो आणि तो येऊन पिऊन जातो, रोजचं ठरलेलं आहे.

बाहेरचं पिणारं. पागोळ्यांखालचं, डबक्यातलं, अंगणातल्या दोणीतलं. पावसाळ्यात तर घरातली वाटी आठवडाभर तशीच राहते. नुसतं पावसाचं स्वच्छ पाणी प्यायलं तर घाबरू नका, पण गाड्या उभ्या राहतात तिथल्या डबक्यात ऑइल असतं, कुंडीच्या ताटलीत खत उतरलेलं असतं, आणि उंदीर-घुशी फिरतात तिथल्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू असू शकतात. ताटल्या उपड्या करा, आणि पडवीत छपराखाली त्याच्या नेहमीच्या वाटेवर स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवा.

पडवीतलं हे भांडं मात्र रोज ओतून, घासून परत भरायचं. नुसतं वरून भर घालत राहिलं तर डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, रोज घासलं तर प्रश्नच येत नाही, आणि आरोग्य खात्याची माणसं साचलेलं पाणी तपासायला आली तर त्यांनाही हे सांगता येतं.

जागा आणि भांडं

खाणं आणि पाणी शेजारी शेजारी ठेवायची आपली सवय, ती जोडवाटी पण बाजारात तशीच मिळते, ती घेऊ नका. खाण्याचे कण पाण्यात पडतात, माशाचा वास लागतो, आणि बऱ्याच मांजरांना खाण्याजवळचं पाणी आवडतच नाही. चार पावलं लांब ठेवा. शू-शीच्या ट्रेपासून तर खूपच लांब. एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर जेवढी मांजरं त्याहून एक वाटी जास्त, आणि सगळ्या एका ओळीत नाही, वेगवेगळ्या खोल्यांत. एखादा दांडगा बोका न भांडता नुसता वाटेत आडवा पडूनच दुसरीला पाण्यापर्यंत जाऊ देत नाही आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. म्हाताऱ्या मांजराला जिने चढवू नका, प्रत्येक मजल्यावर वाटी हवी, सांधे दुखत असतील तर वाटी चार बोटं उंच पाटावर.

प्लास्टिक मी तरी वापरत नाही. त्यावर ओरखडे पडतात, त्यात बुळबुळीत थर बसतो, काही मांजरांच्या हनुवटीवर काळे बारीक पुटकुळे येतात ते भांडं बदललं की कमी झालेले बघितलेत. मला सगळ्यात आवडतं ते मातीचं भांडं. डिचोलीकडच्या कुंभारांकडे किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रुंद, बसकं, बिनरंगाचं भांडं मिळतं, त्यात पाणी गार राहतं आणि ते जड असल्याने सरकत नाही. पण माती पाणी शोषते, आमच्या दमट हवेत लगेच शेवाळ धरतं, म्हणून दोन घ्या, एक वापरात असताना दुसरं गरम पाण्याने आणि काथ्याने घासून उन्हात. साबण नको, माती तो पिऊन बसते.

पाण्याच्या वासाचंही बघा. पावसात नळाच्या पाण्याला कधी कधी क्लोरीनचा वास जास्त येतो, आपल्याला जाणवायच्या आधी मांजराला जाणवतो. कळशीत भरून काही तास उघडं ठेवा, वास बराच उडतो. समुद्राकडच्या नाहीतर खाजनांजवळच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेतांजवळच्या, गावांत उन्हाळ्यात बांवीचं पाणी मचूळ होतं, तिथे मांजराला पण तुम्ही पिता तेच पाणी द्या.

खाण्यातून पाणी घालणं

दाण्यांवरच्या मांजराच्या पोटात पाणी घालायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग वाटी नाही, जेवण आहे. आणि गोव्यात त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. बांगड्या-तारल्यांची डोकी, शेपट्या आपण काढतोच, त्या नुसत्या पाण्यात उकळा. मीठ नाही, हळद नाही, तिरफळ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विष आहे. चांगलं उकळलं की गाळून घ्या, काटे फेकून द्या, पाणी कोमट करून दाण्यांवर दोन-तीन चमचे घाला किंवा वेगळ्या बशीत द्या. पाणी म्हटलं की पाठ फिरवणारं मांजर हे बशी पुसून पितं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, रोज एक खडा काढायचा. उघड्यावर मात्र ठेवू नका, आमच्या हवेत तासा-दोन तासात वास मारायला लागतं, आणि मुंग्या वेगळ्याच.

हुमणाचा, म्हणजे आपल्या माशाच्या कालवणाचा, रस घालू नका. सुकं खारं मासळी पण नको, मिठाने तहान लागते म्हणून ते दिलं तर पाणी पितं असं काही जण सांगतात, तो उपाय नव्हे. दूधही पाण्याच्या जागी नाही, मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब झाले की अंगातलं होतं तेही पाणी जातं. आणि सिरिंजने जबरदस्तीने तोंडात पाणी सोडणं व्हेटने (जनावरांच्या डॉक्टरने) दाखवल्याशिवाय करू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कधी घाबरायचं

सवय बदलली की. म्हणून तर तो वहीतला आकडा. कायम वाटीतलं पिणारं म्हातारं मांजर अचानक वाटी चाटूनपुसून रिकामी करायला लागलं, बेसिनवर, बालदीवर, सगळीकडे पाणी शोधायला लागलं आणि खाणं तेच आहे, हवा तीच आहे, तर खूश होऊ नका. किडनीचा त्रास, डायबेटिस, थायरॉईड, तिन्हींत मांजर जास्त पाणी पितं आणि शू जास्त करतं. किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर नक्कीच, पण त्याच्या नेहमीच्या दुप्पट झालं तरी मी थांबणार नाही, रक्त-लघवी तपासून घेईन. व्हेटला "जास्त पितोय" सांगण्यापेक्षा "आधी १२० मिली प्यायचा, आता २६० पितोय" असं सांगितलं तर त्यांचंही काम सोपं होतं.

उलट बाजूला, पाणी कमी, हिरड्या चिकट, मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाही, मांजर मलूल, तर त्याच दिवशी दाखवा. म्हाताऱ्या किंवा बारीक मांजराची कातडी तशीही सैल असते, तिथे हिरड्यांवर जास्त विश्वास ठेवा.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावी अशी. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, खालचं चाटतोय आणि शू होत नाही किंवा थेंबभरच होते, तर लघवीची नळी बंद झालेली असू शकते. बद्धकोष्ठ असेल म्हणून उद्यावर ढकलू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो. घरातच राहणारे, कोरड्या दाण्यांवरचे, नसबंदीचं ऑपरेशन झालेले जाडे बोके यात जास्त सापडतात. रात्र असो, रविवार असो, फोन करून जो व्हेट उघडा असेल तिकडे न्या.

चवथीला गावी जाणार असाल आणि मांजर शेजारच्या काकींवर सोडणार असाल, तर "दाणे इथे आहेत" एवढं सांगून निघू नका. तुमचं मांजर कुठलं पाणी पितं ते सांगा, त्याची वाटी कुठे असते, किती भरायची, कोणासमोर पितं, सगळं. दोन-तीन ठिकाणी भरलेल्या वाट्या ठेवा, ग्लासवाल्याचा ग्लास, नळवालीची कट्ट्यावरची वाटी, न्हाणीचं दार बंद. माशाच्या पाण्याचे खडे फ्रीजरमध्ये ठेवून जा. आणि काकींना म्हणा, रोज ट्रेमधल्या वाळूत शूचे गोळे आहेत का तेवढं बघा, नसले तर संध्याकाळची वाट न बघता फोन करा.